दुसरा गिअर

गिअरबॉक्समध्ये मूठभर लाकडाचा भुसा. घट्ट वंगण. तव्यावर फुगलेली भाकरी. आत मायलेकींचं हसणं.

घनसावंगीच्या मालकांची जुनी मोटार दुसऱ्या गिअरला रडायला लागली, की ड्रायव्हर केशव ती जालन्याला सासऱ्यांकडे, दीनानाथ मिस्त्रींकडे आणायचा. बायको तारा सोबत यायची. सणाशिवाय माहेरी यायला तिला दुसरं निमित्त नव्हतं.

“मामा, भुशानं आवाज तेवढा दबतो, चार दिसांनी पुन्हा तेच. नवा गिअर कधी येणार?”

“लढाई चालू हाये, जावईबापू. मुंबईहून मालच येऊन न्हाई राह्यला.”

चहा घेऊन आलेली तारा वडिलांच्या कानाशी वाकली. “बाबा, भुसा जरा कमीच घाला.”

नवा गिअर गेल्या दसऱ्यालाच मुंबईहून आला होता.