नवा प्लांट

सत्यजीतनं फोन तिसऱ्यांदा कापला. पुण्याच्या दवाखान्यातून होता. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन, येताय की नाही ते पाचपर्यंत सांगा, नाहीतर नंबर दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी कालच बजावलं होतं. साडेचार झाले होते आणि तो दौंडला सोपानरावांच्या बैठकीत पोरगी बघायला आलेला. बाहेर जाऊन बोलावं म्हणून दोनदा उठू पाहिलं. दोन्ही वेळा वडिलांनी, भिमाजींनी, मांडीवर हात दाबून त्याला खाली बसवलं.

तोंडावर रुमाल होता. जय भीम घालतानाच त्यानं सर्दी झाल्याचं सांगून टाकलं होतं. सर्दी कसली, हनुवटी लपवायची होती. हनुवटी म्हणजे तरी काय, खालचा ओठ संपला की लगेच गळा सुरू. रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, गावी निमोण्यात पक्कं घर, तरी चार ठिकाणांहून नकार आला आणि कारण कुणीच सांगितलं नाही. चौथा नकार याच सोपानरावांचा, दिवाळीतला. सत्यजीतला कारण विचारायची गरज नव्हती. ते त्याला रोज आरशात दिसत होतं.

डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं होतं. ओठाच्या आतून छेद घ्यायचा, हाडावर सिलिकॉनचा तुकडा बसवायचा. आठ दिवस पातळ खायचं. सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. ओठ काही आठवडे बधिर राहतो, एखाद्याचा कायमचा. तुकडा सरकला किंवा पू झाला तर पुन्हा काढावा लागतो. मग त्यांनी बाजूनं काढलेला एखादा जुना फोटो मागितला. फोनमध्ये चारशे फोटो निघाले. कुठं हात, कुठं मास्क, कुठं पुढं उभा केलेला मित्र. हनुवटी एकातही नव्हती. तुमच्या चेहऱ्याला कुणी नावं ठेवली का, असं बाईंनी विचारलं. तोंडावर कुणी नाही, असं तो म्हणाला. पुन्हा एकदा विचार करा, असं त्यांनी सांगितलं. विचार करून करूनच तर तो तिथं पोचला होता.

आईला, पुतळाबाईंना, त्यानं कंपनीच्या बसमधूनच फोनवर कळवलं होतं, की सोमवारी इम्प्लांट हाय, आठ-धा दिस घरी येणार न्हाई. बसच्या आवाजात तिनं फार काही विचारलं नाही, फक्त चांगलं झालं म्हणाली. त्याला ते जरा लागलंच. आणि दोन दिवसांत, ज्यांनी नकार दिला त्याच सोपानरावांनी आपणहून बोलावणं धाडलं. का, ते त्याला अजून कळलं नव्हतं.

"नव्या प्लांटचं कळलं आम्हाला," सोपानराव म्हणाले. "मेडिकल झालं का?"

सत्यजीतची कानशिलं तापली. आईनं दौंडपर्यंत बोभाटा केला तर! आई मात्र कौतुकानं त्याच्याकडंच बघत होती. रक्त, ईसीजी, एक्स-रे, सगळं झाल्याचं त्यानं सांगितलं. तोंड तपासलं का? तोंडच तपासलं. साफ निघालं का? साफ. सोपानरावांना केवढं तरी हायसं वाटलं. रेल्वेत तीस वर्षं काढलेला माणूस, मेडिकलवर त्यांचा भारी विश्वास.

"आन् प्लांट केवढा हाय?"

सत्यजीतनं रुमाल न सोडता दुसऱ्या हाताचं बोट पुढं केलं. "एवढासा. ह्या दोन पेरांएवढा."

भिमाजी उगाच खोकले. सगळ्या निमोण्याला त्यांनी प्लांट पन्नास एकरांचा सांगितला होता.

दारात पोह्यांचा ट्रे घेऊन गौतमी उभी होती. जिला बघायला आले होते ती सोपानरावांची मुलगी हीच; दौंडमध्येच दातांच्या दवाखान्यात कामाला होती. घोटाळा आधी तिच्या लक्षात आला.

"आप्पा, प्लांट न्हाई. इम्प्लांट. जबड्यात बसवत्यात ते."

पुतळाबाईंचा चेहरा उतरला; बसच्या आवाजात त्यांनी नुसतं 'प्लांट' ऐकलं होतं आणि पोराला नव्या प्लांटवर घेतलं असं धरलं होतं. सत्यजीतला आधी लाज वाटली, मग स्वतःचाच राग आला. आता लपवायचं तरी काय राहिलं? त्यानं रुमाल काढून मांडीवर टाकला.

"ह्या हनुवटीपायी चार नकार आले, मामा. त्यातला एक तुमचा. म्हणून बसवतोय."

सगळे त्याच्या हनुवटीकडं बघू लागले. एवढ्या माणसांत असं उघड्या तोंडानं तो कधी बसला नव्हता. उठून पळावंसं वाटत होतं. सोपानरावांनी चष्मा लावला, बराच वेळ निरखलं आणि कोड्यात पडल्यासारखे ते आपल्या फोनमध्ये काहीतरी शोधू लागले. सापडल्यावर त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. त्याच्याच बायोडाटावरचा फोटो होता.

"ह्यात हनुवटी हाय कुठं? हिथं तर तोंडावर हात हाय. आम्ही म्हणलं, पोरगं गुटखा खातंय, म्हणून तोंड झाकतंय. मग नव्या प्लांटचं कळलं. म्हणलं, मेडिकल पास झालं म्हंजी खात नसंल."

सत्यजीत फोटोकडं बघतच राहिला. गौतमीनं त्याच्या हातात पोह्यांची ताटली दिली. गुटखा खाणाऱ्याचं तोंड पुरतं उघडत नाही, तीन बोटं उभी मावली तर माणूस साफ, अशी त्यांच्या दवाखान्यातली तपासणी तिनं वडिलांना समजावून सांगितली. मग ती त्याच्याकडं वळली.

"तुमचीच बोटं घ्या. आन् आ करा."

पाचला पाच कमी असताना पुण्याचा फोन पुन्हा वाजला. वाजतच राहिला. सत्यजीत उचलणार कसा? एका हातात पोह्यांची ताटली होती, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं तोंडात.