पाचवे नख

"अजून किती वेळ?" ग्वानसाहेबांनी चौथ्यांदा विचारले.

"पंजे वीस आहेत मालक, हात माझे दोनच," गालिच्यावर ओणवे झालेले म्हातारे कारागीर दिंगकाका म्हणाले. "त्यात तुम्ही असे मानेवर बसलात तर झालंच काम!"

ग्वानसाहेब बाजूला झाले. अंगणातल्या डाळिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि पुन्हा परत आले. पेकिंगमधून बादशाही जाऊन अकरा वर्षे झाली होती, पण बादशहा अजून महालातच राहत होता आणि महालातल्या वस्तू मागच्या दाराने बाहेर येत होत्या. आता पोलिसांनी त्यांचा शोध सुरू केला होता. गेल्या आठवड्यात गल्लीतल्या दोन दुकानदारांना दोरी बांधून नेले होते. त्यातला एक परत आला तो फळीवर झोपवून. आणि ग्वानसाहेबांच्या बैठकीत, महालातल्या एका नोकराकडून घेतलेला, पाच ड्रॅगनांचा पिवळा गालिचा पसरलेला होता.

पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा, चार नखांचा राजपुत्रांचा. राजपुत्र तर हल्ली घरातले किडूकमिडूक उघड्यावर विकत होते, त्यांचा माल घेण्यात गुन्हा नव्हता. तेव्हा प्रत्येक पंजाचे एक नख उपटायचे, तिथे पिवळ्या लोकरीच्या गाठी मारायच्या, की संपले. गालिच्याच्या एका कडेला महालातल्या दालनाचे नाव उठावाच्या अक्षरांत विणलेले होते. त्यावर ग्वानसाहेबांनी कालच स्वतःच्या हाताने निळ्या कापडाची पट्टी शिवली होती. शिवताना त्यांना रडू आले होते. गालिच्यांची पारख करण्यात घालवलेल्या तीस वर्षांत असला दुसरा त्यांनी पाहिला नव्हता.

दिंगकाकांचा पहिलाच पंजा पुरा होत होता, तेवढ्यात दार वाजले.

फौजदार दोन शिपाई घेऊन आत आले. त्यांच्या मागून काठी टेकत आलेला माणूस पाहून ग्वानसाहेब दोन पावले मागे सरकले. पोलिसांनी पारखी म्हणून रोंगला आणले होते. रोंग! एकेकाळचा जिवलग मित्र. वीस वर्षांपूर्वी भरल्या चहाच्या दुकानात ग्वानसाहेबांनी त्याचा लाडका गालिचा नकली ठरवला होता, तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. आज देवाने सूड त्याच्या हातात आयता आणून दिला होता.

"पाच नखं!" फौजदार खाली वाकून म्हणाले. "ग्वानसाहेब, हा आला कुठून?"

बोलले ते दिंगकाका.

"साहेब, मालक फसले हो! चार नखांचा माल, कुणीतरी पाचवं नख मागाहून घातलं. भाव वाढावा म्हणून. आता कळल्यावर मला म्हणाले, काढून टाक ती घाण. ही बघा, आजच काढायला घेतली."

फौजदारांनी रोंगकडे पाहिले. रोंग सावकाश गुडघ्यांवर बसला. त्याने लोकर फाकवून पाहिली, कोपरा उलटून गाठींवरून अंगठा फिरवला. मग त्याची बोटे निळ्या पट्टीवरून सरकत गेली. मध्येच थांबली. ग्वानसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"इथं कसर लागली असेल, म्हणून कापड लावलंय," रोंग म्हणाला आणि पुढे सरकला. मग काठीवर जोर देऊन उठला आणि मोठ्याने हसला. "नकली! साहेब, हा म्हातारा खरं सांगतोय. असली नखं तर शिकाऊ पोरंही घालतात. ग्वान, तुला एवढंसुद्धा कळलं नाही?"

फौजदारही हसले. "म्हणजे चोर नाही, नुसताच भोळा! चला रे." आणि शिपाई वळलेसुद्धा.

वाचलो, असे ग्वानसाहेबांना मनापासून वाटले. फक्त मान खाली घालून उभे राहायचे होते.

पण रोंग थांबेना. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाला नावं ठेवलीस. आता उद्यापासून चहाच्या दुकानात येऊ नकोस हो, लोक पोट धरून हसतील. अरे, हा गालिचा तर घोड्याच्या पाठीवर टाकायच्या लायकीचा!"

घोड्याच्या पाठीवर! ग्वानसाहेबांची कानशिले तापली. दिंगकाकांनी त्यांचा अंगरखा मागून घट्ट धरला. तो हिसका देऊन त्यांनी सोडवला.

"नकली?" ते ओरडले. "मी फसेन? मी?"

ते गालिच्यावर गुडघे टेकून बसले आणि निळी पट्टी दोन्ही हातांनी ओढली. टाके तटातट तुटले. विणलेली अक्षरे उघडी पडली, महालातल्या दालनाचे नाव.

"वाचा! वाचा मोठ्यानं! बादशहाच्या पायाखालचा आहे हा!"

फौजदार उंबऱ्यावरून मागे वळले. एका शिपायाने कमरेची दोरी सोडली. दिंगकाकांनी हातातला गाठी उपटायचा आकडा खाली ठेवून तोंड फिरवले.

मनगटांवर दोरी आवळली तेव्हा कुठे ग्वानसाहेबांनी रोंगकडे पाहिले. त्याचा पडलेला चेहरा एकदा डोळे भरून पाहायचा होता. चेहरा पडलेलाच होता. पांढराफटक झाला होता, आणि रोंगला काठीवर नीट उभेही राहता येत नव्हते.

"ग्वान," तो हळूच म्हणाला, "ती अक्षरं मी कापडावरूनच बोटांनी वाचली होती रे."