पंचाला दिसलं नाही

टेबलावरच्या कागदी आखाड्यात राक्षसाची सोंगटी पुढे सरकली. "त्याने तुझ्या डोळ्यांत माती फेकली," खेळ चालवणारा निनाद वैजूला म्हणाला. पंचाला दिसलं का, हे ठरवायला त्याने फासा टाकला. "दोन. पंचाला दिसलं नाही."

वैजूची नजर खुर्चीला टेकवलेल्या कुबडीवर गेली. सहा महिन्यांपूर्वी, खऱ्या आखाड्यात, समोरच्या मुलीने मुद्दाम तिच्या गुडघ्यावर टाच हाणली होती. तेव्हाही पंच हेच म्हणाले होते, आणि वैजू गप्प बसली होती.

"तूही फेक माती," शेजारी बसलेली मैत्रीण कुजबुजली.

"नाही. मी लढत थांबवते, पंचाचं मनगट धरते आणि डोळ्यांतली माती त्याच्या तळहातावर ठेवते."

निनादने नियमांचं पुस्तक चाळलं. "अशी चाल नाही गं यात."

वैजूने फासा उचलला. "मग लिहून घे."