हलका हात

चुलीमागं लपवलेली, टोचून टोचून पाझरणारी मोसंबी. डेअरीतून परतलेली रिकामी किटली. फ्रीजमध्ये दह्याशेजारी इन्सुलिनचं पेन. धाकट्या जावेचा कधी न ढळलेला पदर.

कडूबाईची जाऊ विजयमाला रोज सकाळी शेजारच्या दारातून यायची आणि सहादेवच्या खाटेशी बसून त्याचं बनियन वर करायची. मोठ्या दिरापुढं जिनं कधी मान वर केली नव्हती, ती दोन बोटांत त्याच्या पोटाचा चिमटा धरून सुई द्यायची. सहादेव डोळे गच्च मिटून घ्यायचा. कडूबाई दारात उभी राहून नवऱ्याचं पोट बघायची, आणि जावेची बोटं.

नगरचे डॉक्टर म्हणाले होते, याचं शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उठलंय. त्यावरच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर आणखी चढलीय. आपलंच आपल्यावर कसं उठतं, ते कडूबाईला दारात उभ्या उभ्या कळत होतं.

आज जाऊ यायच्या आत तिनं पेन काढलं. कटकट मोजत आकडा लावला. सहादेव डोळे मिटून पडलेलाच होता. तिनं चिमटा धरला. सरावाच्या मोसंबीपेक्षा मऊ. दाबलं, थांबली, सुई काढली.

"आज तर कळलंबी न्हाई," तो तसाच पडून म्हणाला. "तुझा हात लई हलका हाय, विजयमाला."

 कडूबाईनं पेन जागेवर ठेवून पीठ मळायला घेतलं. सहादेवचा डोळा लागला.

"उशीर झाला, अक्का. डेअरीतलं मशीन बंद पडलं हुतं." विजयमाला लगबगीनं आत आली. पेन काढलं. कटकट. बनियन वर केलं.

दोनदा दिलं तर माणूस घाम फुटून बेशुद्ध पडतो, हे दवाखान्यात दोघींनाही बजावलं होतं. कडूबाईचे हात परातीत थांबले. होऊ दे एकदा हिच्या हातून. मग कोण बोलावतंय हिला.

सुई पोटाला टेकणार तोच तिनं जावेचं मनगट धरलं.

"दिलंय."

"कुणी?"

सहादेवनं डोळे उघडले. विजयमालेच्या मनगटावर ओल्या पिठाची पाच बोटं उमटली होती.

दवाखान्यातून घरी आणलं त्या पहिल्या सकाळी, "मला सुई बघवत न्हाई, तूच ये गं," अशी भिंतीवरून हाक कडूबाईनंच मारली होती.