भाऊ लाइव्ह आहेत

जाईबाईंचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली टेम्पोत उतरवायला अख्ख्या लालबागमधला एक हमाल तयार होईना. तेवढ्यात प्रचाराला निघालेले उमेदवार हितेंद्रभाऊ दारात हजर, मोबाईलवर लाइव्ह चालू. पदर सारखा करत जाईबाई कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "एवढं कपाट उतरव रे बाबा, सगळी दुनिया बघतेय."

भाऊंनी कपाट पाठीवर घेतलं. बघणारे वीस हजार झाले, तसा भाऊंना हत्तीचा जोर चढला. पलंग, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, अगदी तुळशीची कुंडीसुद्धा त्यांनी एकट्याने उतरवली. मग घामाघूम होऊन हात जोडले, "आजी, आता मत मलाच ना?"

ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसत जाईबाई म्हणाल्या, "मत गेल्याच वर्षी कुडाळच्या यादीत गेलं रे, सामानच तेवढं राहिलं होतं."