शनिवारचे लोखंड

यमुनाबाईंची लेक गंगूताई, गंगूताईंची लेक द्वारकाबाई, आणि द्वारकाबाईंची लेक ही पद्माबाई. या बायकांनी शेजारून उसने आणलेले मीठसुद्धा दुसऱ्या दिवसापलीकडे घरात राहू दिले नाही. अपवाद एका चाकूचा. तो फेडण्यासाठी पंचाहत्तरीच्या पद्माबाई वसमतहून निघून, खंडेनवमीच्या सकाळी, तांड्यावरच्या प्रेमदासांच्या अंगणात ताठ उभ्या होत्या.

ओसरीवर पाट मांडलेला होता. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, आणि प्रेमदासांचे वडील उत्तमसिंग यांची फौजेतली पदके. सर्वांवर झेंडूची फुले. मधोमध मात्र हळदीच्या बारीक रेघेने ओढलेली तळहाताएवढी आकृती होती, एका टोकाला कडी असलेली. तिच्यात फूल नव्हते. ही रेघ आधी प्रेमदासांची आई ओढायची, आता प्रेमदासांची सून ओढते. या घराने चाकू कधी परत मागितला नाही; दर खंडेनवमीला त्याची जागा तेवढी मोकळी ठेवली. पाया पडायला येणारा प्रत्येक जण ती जागा पाहत असे. कोणाच्या घरून काय यायचे राहिले आहे, हे त्याला विचारावे लागत नसे. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर पद्माबाईंना सोसले असते.

मोठ्या लढाईहून परतताना उत्तमसिंगांनी तो फौजी घडीचा चाकू आणला होता. पद्माबाईंचा जन्म झाला तेव्हा आजीने, गंगूताईंनी, तो लेकराच्या उशाखाली ठेवायला मागून नेला. लढाई पाहिलेले लोखंड. दृष्टीची काय बिशाद! सव्वा महिना सरला आणि परत द्यायचा दिवस शनिवारी आला. शनिवारी लोखंड उंबऱ्याबाहेर काढायचे नाही म्हणून गंगूताई एक दिवस थांबल्या. त्याच रात्री कयाधूला पूर आला. बाळबाळंतीण वाचली. खोलीची भिंत, उशी आणि चाकू नदीने नेला.

पद्माबाईंनी फौजी चाकू जमवायला घेतले, तेव्हा लोकांनी त्याला म्हातारपणाची हौस म्हटले. त्यांनी ते ऐकून घेतले. शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, आरमारातले, डोंगरी पलटणीतले असे चाकू शिसवी पेटीत भरत गेले. प्रत्येकाच्या सांध्यात शिवणयंत्राचे तेल त्या स्वतः घालत. नांदेडचे, पुण्याचे जाणकार पेटी पाहायला येत, आणि बाई त्यांना आधी हात पुसायला लावत. पण पद्माबाईंना हवा होता तो एकच. काळी चौकड्यांची मूठ, चौकोनी टोकाचे पाते, डबा फोडायचा दात, पाठीवर जाड दाभण, टोकाला कडी, पात्याच्या मुळाशी सरकारी बाण आणि त्रेचाळीस साल. हे वर्णन उत्तमसिंगांनी इतक्यांदा सांगितले होते की गावातल्या लेकरांनाही पाठ होते. यंदाच्या आषाढात वारंगा फाट्यावर एक ट्रकवाला अगदी तसल्याच चाकूने कांदा चिरताना त्यांना दिसला.

धारेचे हत्यार हातातून हातात द्यायचे नसते. पद्माबाईंनी फडके उलगडून चाकू ओसरीच्या कडेला ठेवला आणि दोन पावले मागे सरल्या. प्रेमदासांनी तो निरखला. उचलला नाही.

"आक्का, आज शनिवार हाय," ते म्हणाले. "आज लोखंड घरात घेत न्हाईत आमी. उद्या या."

उद्या पाट उचललेला असणार, हे दोघांनाही ठाऊक होते. पद्माबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"एक शनिवार आमच्या आजीनं पाळला, प्रेमदासभाऊ. त्याच्यापायी माझा सारा जन्म मान खाली घालून गेला. दुसरा शनिवार मी पाळणार न्हाई."

 धोतराला हात पुसून प्रेमदासांनी चाकू उचलला, नखाने पाते उघडले, दाभण उघडून पाहिले, मूठ उजेडात फिरवली.

"बानं मुठीवर 'उ' कोरला व्हता. ह्यो त्यो न्हाई."

"त्यो नदीनं नेला. ह्यो त्याच्या पाठचा सख्खा भाऊ. 'उ' मलाबी कोरून आणता आला असता. तुमच्या बाचं अक्षर मी काहून कोरू?"

प्रेमदासांनी पाते मिटले आणि चाकू होता तिथे, ओसरीच्या कडेला, परत ठेवला.  पद्माबाईंनी चेहऱ्यावरची एक रेषा हलू दिली नाही.

"मंग तुमीच मांडा," प्रेमदास बाजूला सरकत म्हणाले. "ज्या घरानं नेला, त्या घराच्या हातानं येऊ द्या."

पद्माबाई ओसरी चढल्या. गुडघे कुरकुरले, सुनेने पुढे केलेला हात त्यांनी मानेनेच नाकारला. पाटासमोर बसून त्यांनी चाकू दोन्ही हातांनी त्या आकृतीत ठेवला. कडी कडीच्या जागी बसली, मूठ मुठीच्या. हळदीचा कणसुद्धा सरकला नाही. एका बाईने नजरेने घेतलेले ते माप दोन पिढ्यांत केसभरही चुकले नव्हते.

सुनेने त्यावर झेंडूचे फूल ठेवले.

"पोरी," प्रेमदास तिला म्हणाले, "पुढल्या साली ती रेघ ओढायची तकलीफ घेऊ नको."