निळं पडलेलं बेअरिंग

"क्लच दाबला की किंचाळते, सोडला की गप्प," इनायात म्हणाली. "उस्ता, इंजिन तुम्हीच बदललंत. आता तुम्हीच निस्तरा."

उस्ता बदावीने आधी गाडीकडे बघायला हवं होतं. त्याने इनायातकडे बघितलं. इजिप्तमधल्या रशीद गावात, बंदरामागे त्याचं गॅरेज, म्हणून सगळ्यांचा तो 'उस्ता', म्हणजे मिस्त्री; नखांत कायमचं ग्रीस. आज मात्र मिशीला अत्तर होतं, आणि समोरच्या चहावाल्याने ती बातमी गल्लीभर पोचवली होती.

गाडी जुनी प्यूजो, तिच्या नवऱ्याची. शाकिर म्हणजे बदावीचा जिवलग. पोलिस मागे लागले तसा तो इटलीच्या नावेत चढला. नाव बुडाली, प्रेत काही आलं नाही. बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षं थांबायचं, मग कोर्ट बाईला मोकळी करतं. ती चार वर्षं रमजानातच पुरी झाली होती. इनायातने मोजली असतील-नसतील, बदावीने मोजली होती.

तेवढ्या काळात त्यानेच तिला गाडी शिकवली. "पाय उचल, बाई! शाकिर क्लचवर पाय टाकून बसायचा, उशीवर टाकावा तसा. त्याची बेअरिंगं बदलून माझे केस पिकले." ती हसायची, पण शिकली पक्की. गिअर पडला की तिचा पाय क्लचच्या आसपाससुद्धा नसायचा.

"कोर्टात गेलीस?" त्याने बॉनेट उघडत विचारलं.

"जाईन, सवड मिळाली की."

"घरात दोन खुर्च्या आहेत माझ्या. एकीवर टोपी ठेवतो."

"बसू दे की टोपीला! तिला का उठवताय?" ती हसली, पण नजर रस्त्याकडे. "आधी आवाज बघा."

बदावी आत बसला. तीन महिन्यांपूर्वी इंजिन बदललं तेव्हा त्याला सीट मागे ओढावी लागली होती. आज गुडघे सहज मावले. क्लच दाबला, किंचाळी. सोडला, शांत. म्हणजे क्लचचं बेअरिंग. पण ते तर इंजिनाबरोबर नवंकोरं टाकलेलं! इंजिनच तिरकं बसलं की काय? आपलीच चूक निघावी, असं त्याला मनापासून वाटलं. चूक असली की गिऱ्हाईक परत येतं.

दुपारी गिअरबॉक्स खाली उतरला. इंजिन सुतासारखं सरळ होतं. बेअरिंग मात्र जळून निळं पडलेलं, आणि क्लचच्या पेडलचं तेव्हाच बसवलेलं नवं रबर घासून गुळगुळीत.

"दुसरं कोणी चालवतं?"

"छे! किल्ली माझ्याच पिशवीत असते."

बदावी ते बेअरिंग बराच वेळ बोटांत फिरवत राहिला. मग हातातल्या कळकट फडक्यानेच त्याने मिशी पुसली. नवं बेअरिंग टाकलं, गिअरबॉक्स चढवला, सीट होती तिथेच राहू दिली.

"काय निघालं? इंजिनाचा दोष?" इनायातने विचारलं.

"नाही." त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. चहावाल्याकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "शाकिरला म्हणावं, क्लचवरचा पाय काढ."